जोडधंद्याचा रकाना

सासूबाईंनी मला टोपली विणायला दोन दिवसांत शिकवलं, आणि तिथंच मला पहिली शंका आली.

माझे वडील चपला शिवायचे. लहानपणापासून मी त्यांच्या शेजारी बसत आले, तरी सोळाव्या वर्षापर्यंत त्यांनी मला तळ कापू दिला नव्हता. "हात बसू दे अजून," म्हणायचे. ज्याला एखादं काम मनापासून येतं त्याच्याकडे सांगण्यासारखं इतकं असतं, की दोन दिवसांत ते सांगून होत नाही. सासूबाईंकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतंच.

"हे इकडून घ्यायचं, तिकडून काढायचं, ओढायचं. झालं."

"आई, वेत किती वेळ भिजवायचा?"

"भिजेपर्यंत."

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि लग्न होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. सासरची वसाहत म्हणजे पत्र्याच्या चाळीस घरांच्या दोन रांगा आणि मधोमध नळ. ही सगळी माणसं सात वर्षांपूर्वी सीमेपलीकडून, तिकडून आलेली. आम्हीही तिकडचेच, पण आमचं गाव वेगळं आणि आम्हाला मिळालेली वसाहतही वेगळी. आमच्याकडे कुणी चपला शिवायचं, कुणी केस कापायचं, कुणी खाटा विणायचं. इथं मात्र चाळीस घरांत एकच धंदा. लग्नाला आलेली माझी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, इथली माणसं शिंकतीलसुद्धा टोपलीतच." मी तिला चिमटा काढला, पण नवल मलाही वाटलं होतं.

त्याहून नवल म्हणजे त्या टोपल्या वाईट होत्या. कुणाचं बूड डुगडुगायचं, कुणाचा काठ उसवायचा. सगळ्या वसाहतीत चांगली टोपली एकाच माणसाची, ती म्हणजे पहिलेकाकांची. त्यांच्या टोपलीवरून हात फिरवला तर कुठं कुसळ लागायचं नाही. त्यांचं घर रांगेत सगळ्यात शेवटी, आणि नाव मात्र पहिलेकाका. मी आमच्या ह्यांना विचारलं, "त्यांना पहिलेकाका का म्हणतात हो?"

"म्हणतात."

"पण का?"

"तू वेत सोल बरं आधी."

सात पिढ्यांचे विणकर म्हणून सरकारी कागदावर ज्यांची नोंद, त्यांना साधं बूड धरता येत नाही, याचं उत्तर मला कुणी देईना. म्हणून मी बघायला लागले.

सगळ्यात जास्त बघण्यासारखे होते मामंजी, म्हणजे माझे सासरे. ते विणायचे तेव्हा त्यांची टोपली एका अंगाला पोट सुटल्यासारखी फुगायची. सासूबाई म्हणायच्या, "अहो, ही टोपली आहे की गरोदर बाई?" ते हसायचे आणि कडी लावायला घ्यायचे. कडी लावताना मात्र त्यांचा चेहरा बदलायचा. टोपली एका बोटावर टांगायची, श्वास रोखून बघायची, कडी केसभर सरकवायची, पुन्हा टांगायची. इतकी वाकडी टोपली, पण खिळ्याला अडकवली की तिचा काठ पाण्यासारखा सपाट. पहिलेकाकांची टोपलीसुद्धा इतकी सरळ टांगली जायची नाही.

दुसरी गोष्ट पिठाची. मदत कचेरीकडून महिन्याला पिठाची पिशवी यायची. मामंजी ती दोन्ही हातांवर घ्यायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "दोन मुठी कमी." किंवा, "आज बरोबर आहे." एकदा मी गुपचूप पिशवी दुकानात नेऊन तोलून आणली. दोन मुठीच कमी होतं. त्या दुकानदाराने काट्यावरून हात काढला तेव्हा मला उगाच वाटलं, की हा काटा मामंजींनी बघायला हवा. असं का वाटलं ते मला सांगता आलं नसतं.

त्या वर्षी टोपल्यांचा व्यापारी फिरला. फळवाल्यांना प्लास्टिकचे क्रेट मिळायला लागले होते. ते एकावर एक बसतात, धुता येतात, कुजत नाहीत. आमचे हे सायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून जायचे ते आधी अर्ध्या घेऊन परतायला लागले, मग सगळ्याच्या सगळ्या. "तो म्हणतो, चाळीस घरांतून रोज एवढा ढीग येतो, मी काय टोपल्यांत राहू?" असं सांगून ते सायकल भिंतीला टेकवायचे आणि कुणाकडेच बघायचे नाहीत.

मग मदत कचेरीतून बाई आल्या. उंच, चपळ, खांद्याला कापडी पिशवी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्न. त्यांना आम्ही फॉर्मबाई म्हणू लागलो. त्यांची योजना सोपी होती. एका धंद्यावर विसंबलेल्या प्रत्येक घराने दुसरा एक धंदा निवडायचा. शिकवणी कचेरी देणार, हत्यारं कचेरी देणार, पहिलं सामानही तीच देणार. नळाशेजारी टेबल टाकून त्या बसल्या. मागे एक तक्ता लावला होता: मेणबत्त्या, साबण, शिवणकाम, भट्टी, दुरुस्तीकाम, असं बरंच काही चित्रांसकट.

रांग लागली. पण पुढं कुणी होईना. सगळ्यांनी पहिलेकाकांना ढकललं. "तुम्ही व्हा हो पुढं." पहिलेकाका कानकोंडे होऊन टेबलाशी उभे राहिले. तक्त्यावर सगळ्यात वर जे होतं ते त्यांनी वाचलं.

"मेणबत्त्या," ते म्हणाले.

बाईंनी लिहिलं. मागच्या माणसाने सांगितलं, मेणबत्त्या. त्याच्या मागच्यानेही तेच. सासूबाईंनी मामंजींचं बोलणं त्यांच्या तोंडातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याही मेणबत्त्याच." दुपारपर्यंत बाईंच्या हातात मेणबत्त्यांचे चाळीस अर्ज होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आणि ह्या मेणबत्त्या घेणार कोण?" त्यांनी विचारलं.

रांग एकेक करून मोडली.

मला आता राहवेना. दुसऱ्या दिवशी नळावर कपडे धुताना सासूबाईंना विचारलंच. "आई, सगळ्यांनी मेणबत्त्याच का सांगितल्या?"

"पहिल्याने सांगितलेलं खपून गेलं, तर त्यात धोका नसतो."

"कसला धोका?"

सासूबाईंनी मामंजींचा सदरा दोनदा जास्त आपटला. आजूबाजूला बघितलं. "तू आता घरातली झालीस म्हणून सांगते. बाहेर एक अक्षर काढलंस तर माहेरी पाठवीन."

सात वर्षांपूर्वी ही सगळी मंडळी छावणीच्या फाटकाशी पोचली, तेव्हा तिथं एक अधिकारी टेबल टाकून बसला होता. धंदा काय, विचारायचा. रांगेत पहिला जो माणूस होता तो म्हणाला, टोपल्या विणतो. अधिकाऱ्याने मान हलवली, शिक्का मारला, आत सोडलं. दुसरे होते शाळामास्तर. ते म्हणाले, मी शिक्षक. अधिकारी म्हणाला, दाखला आहे? दाखला कुठला असायला? मग बाजूला उभे राहा. मास्तर उन्हात उभे राहिले. तिसरा माणूस मास्तरांकडे बघत पुढे गेला आणि म्हणाला, टोपल्या. त्यालाही आत सोडलं. संध्याकाळपर्यंत सगळं गाव टोपलीवालं झालं होतं. शेवटी मास्तरही रांगेत परत लागले आणि टोपलीवाले होऊन आत आले.

"आठवड्याने कचेरीवाल्यांनी वेताचे भारे आणून टाकले," सासूबाई म्हणाल्या. "विणून दाखवा म्हणाले. खरं काम एकट्या पहिलेकाकांना येत होतं. त्यांनी शेडच्या मागं बसवून आम्हा सगळ्यांना दोन दिवसांत शिकवलं."

"म्हणून पहिलेकाका."

"मग काय, बारशाला ठेवलेलं नाव आहे का ते?"

"आणि मामंजी? तिकडं काय करायचे?"

त्यांनी सदरा पिळला. पिळता पिळता त्यांचा आवाज बदलला. "काटे दुरुस्त करायचे. धान्याचे, किराण्याचे, सोनाराकडचे. तिकडच्या बाजारात त्यांनी बघितल्याशिवाय काटा टांगत नसत. इकडं आल्यावर मीच म्हटलं, मागच्या दाराने दोन-चार दुकानांचं काम करा, कुणाला कळतंय. नाही म्हणाले. सात वर्षांत काट्याला बोट लावलेलं नाही."

मग त्यांनी मला कार्ड दाखवलं. राहण्याच्या परवानगीचं कार्ड, त्यावर धंद्याच्या रकान्यात टोपल्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं की माहिती खोटी आढळल्यास कार्ड रद्द होईल. कार्ड रद्द म्हणजे वसाहत सोडायची, आणि वसाहत सोडून जायचं कुठं ते कुणालाच माहीत नव्हतं.

फॉर्मबाई चिकाटीच्या होत्या. चाळीस अर्ज तर चाळीस अर्ज, असं म्हणून त्यांनी मेणबत्त्यांची पहिली शिकवणी लावली. मनात त्यांच्या वेगळंच होतं, हे त्यांनी मला पुढं सांगितलं: ह्या माणसांचे हात कशाकडे जातात तेवढं बघायचं होतं. शेडमध्ये चूल, पातेली, सुताच्या वाती आणि मेणाच्या लाद्या आल्या. घरटी सारखं मेण द्यायचं म्हणून कचेरीतला दोन पारड्यांचा काटाही आला, आणि एक माणूस मेण तोलून द्यायला लागला.

मामंजी माझ्या पुढेच बसले होते. पहिल्या लादीला त्यांची मान ताठ झाली. दुसऱ्या लादीला त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. आमची पाळी आली, त्यांनी मेण हातावर घेतलं आणि ते उभेच राहिले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"हा काटा बरोबर नाही," मामंजी म्हणाले.

तोलणारा माणूस दुखावला. "रिकामा असताना बघा की काका. दोन्ही पारडी सारखी."

"रिकामा असताना सारखीच दिसणार. वजनं इकडं टाका आणि मेण तिकडं."

बाईंनी मान डोलावली. माणसाने पारडी बदलली. आत्ता सारखं तोललेलं मेण धप्पकन खाली गेलं. शेडमध्ये सगळे पुढं सरकले. मामंजींनी काटा हातात घेतला. सात वर्षं ज्याला शिवले नव्हते त्याच्या दांडीवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्यांनी पारडं उलटं केलं, खाली चिकटवलेला शिशाचा तुकडा नखाने काढला. मग दांडीच्या टोकाचा आकडा दाखवला. तो आत वाकला होता.

"आकडा वाकला, म्हणून दांडीची एक बाजू आखूड झाली. मग रिकाम्या काट्याचा तोल दिसावा म्हणून कुणीतरी हे शिसं लावलं. पक्कड आहे?"

पक्कड मिळाली. त्यांनी आकडा सरळ केला, टांगला, बघितला, पुन्हा जरा वाकवला. मेण इकडं टाका, मेण तिकडं टाका. दांडी हलली नाही. कुणीतरी हलकेच "वा" म्हटलं. मग सगळे मागं सरकले, कारण बाई कागद चाळत होत्या.

"तुमच्या कार्डावर टोपल्या आहे," त्या म्हणाल्या. "वडिलांचा धंदा टोपल्या. आजोबांचाही?"

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं अजून आठवतात मला.

"ते मी खोटं सांगितलं होतं," मामंजी म्हणाले.

बाईंनी लिहिलं काहीच नाही. पेनाचं टोपण लावलं. शेडभर नजर फिरवली आणि मला वाटतं तेव्हाच त्यांना सगळं कळलं: डुगडुगणारी बुडं, मेणबत्त्यांचे चाळीस अर्ज, सगळं. शिकवणी थांबवून त्यांनी चाळीसही घरांची मोठी माणसं जवळ बोलावली.

"माझ्या अर्जावर पहिला रकाना आहे सध्याचा धंदा," त्या हळू म्हणाल्या. "तो तुमच्या कार्डावरून उतरवायचा, त्यात मी हात घालत नाही. दुसरा रकाना जोडधंदा. तो तुम्हाला आजच शिकायचा आहे की पोटातूनच शिकून आलात, हे विचारायला मला जागाच ठेवलेली नाही. समजलं का?"

समजायला जरा वेळ लागला. पहिल्या बोलल्या आमच्या शेजारच्या थोरल्या मावशी. तिकडं त्यांची पावाची भट्टी होती. "मग माझ्या मेणबत्त्या खोडा," त्या म्हणाल्या, "मला भट्टी शिकायचीय." त्यांचे डोळे इतके चमकत होते की बाईंना हसू आवरेना. पुढच्या महिन्यात भट्टी शिकवायला शहरातून एक तरुण आला. तिसऱ्या दिवशी तो मावशींच्या हाताखाली पीठ मळत होता. मास्तरांनी शिकवण्या घ्यायला जोडधंद्यात जागा मिळवली. कुणी न्हावी झालं, कुणी शिंपी, कुणी विहिरीचे पंप दुरुस्त करणारं. दोघींनी खरोखरच मेणबत्त्या निवडल्या आणि त्यांच्या चांगल्या चालल्या.

वांधा झाला तो आमच्या घरी.

"माझा दुसरा रकाना रिकामा ठेवा," मामंजी बाईंना म्हणाले. "मी पहिला दुरुस्त करून घेणार."

सासूबाईंनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. निरोप माझ्यामार्फत. "सूनबाई, तुझ्या सासऱ्यांना विचार, चहा घेणार का, की तोसुद्धा कचेरीत कळवून घेणार." तिसऱ्या दिवशी पहिलेकाका आले. ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुम्ही तिथं जाऊन बोललात की ते बाकीच्यांचं विचारतील," ते म्हणाले.

"मी माझ्यापुरतं बोलेन. बाकीच्यांचं त्यांना विचारा म्हणेन."

"सगळ्या वसाहतीत एकटा मी खरं बोललो होतो," पहिलेकाका म्हणाले, "आणि सात वर्षं झोप माझीच उडालेली आहे. मी गप्प बसलो असतो तर मास्तर पहिले झाले असते. सगळे उन्हात उभे राहिले असते, पण आपापल्या धंद्यानिशी." मग टोपी उचलत ते म्हणाले, "आणि माझ्या टोपलीला गिऱ्हाईक राहिलं असतं. तुमच्या टोपल्यांनी नाव घालवलं हो."

मामंजी पहिल्यांदा मोठ्याने हसले. पण गेले ते गेलेच.

सोबत मी गेले, कारण सासूबाई येणार नाही म्हणाल्या आणि आमचे हे बाजारात होते. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. तिथं काय होतं ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागलं नसतं. कार्डांच्या कचेरीत लांब बाक, पंखा, आणि खिडकीपलीकडे एक मध्यमवयीन अधिकारी, पुढ्यात अर्धा खाल्लेला डबा. त्याने मामंजींचं सगळं ऐकून घेतलं.

"तेव्हा खोटं का सांगितलंत?"

"पुढचा माणूस आत जाताना दिसला म्हणून."

"मग आता कशाला उकरून काढता? बाईंनी तुम्हाला रकाना दिला होता ना?"

मामंजींनी विचार करून उत्तर दिलं. "साहेब, काटा दुरुस्त करून परत दिला की दुकानदार एकच विचारतो, बरोबर आहे ना. मी हो म्हणतो. तो त्यावर विश्वास ठेवून दुकान उघडतो. कानस कुणालाही चालवता येते. धंदा त्या एका हो म्हणण्याचा आहे. माझ्याच कार्डावर खोटं असलं तर ते माझ्या तोंडून निघत नाही. सात वर्षं करून बघितलं."

अधिकाऱ्याने डब्याचं झाकण लावलं. बाकीच्या घरांबद्दल त्याने विचारलं नाही. का विचारलं नाही, याचा मी पुढे खूप विचार केला. कदाचित त्याला चाळीस फायली उघडायच्या नव्हत्या. कदाचित त्या फाटकाशी तोच बसला होता. मी त्याचा चेहरा नीट बघून घेतला, पण चेहऱ्यावरून काही कळत नाही.

"कळवू," तो म्हणाला.

तीन आठवडे गेले. सासूबाईंनी एक शब्द न बोलता खाटेखाली पेटी भरून ठेवली. लागेल तेवढंच: दोन पातेली, पांघरुणं, सगळ्यांचे कपडे. माझेही दोन जोड घातलेले बघून मला बरं वाटलं. म्हणजे गेलोच तर मी माहेरी नाही, त्यांच्याबरोबर जाणार होते. मामंजी रोज सकाळी ओट्यावर बसायचे, हातात काही नाही. टोपली त्यांनी सोडली होती आणि काटा अजून धरायचा नव्हता. बसून बसून बोटं मोडायचे.

मग कार्ड आलं. फॉर्मबाई स्वतः घेऊन आल्या. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून ते मी वाचलं. टोपल्या ह्या शब्दावर शाईची रेघ होती, वर हाताने लिहिलं होतं, काटे दुरुस्ती, आणि सही. खाली मुदत. इतरांची कार्डं पाच-पाच वर्षांची होती. आमचं एका वर्षाचं. दरवर्षी कुटुंबासह कचेरीत हजर राहून नवं करून घ्यावं, असा शेरा.

"एकच वर्ष?" सासूबाई म्हणाल्या.

"एकच," मी म्हटलं.

त्यांनी मामंजींकडे बघितलं. तीन आठवड्यांचं साठलेलं बोलणं आता बाहेर पडणार, असं मला वाटलं. पण मामंजी उठून बाईंना विचारत होते, बारीक कानस कुठे मिळेल, आणि पक्कड कचेरी देणार की आपण घ्यायची. सासूबाई जरा वेळ ऐकत राहिल्या. मग खाटेखालची पेटी ओढून त्यातली पातेली परत चुलीशी नेऊन ठेवली.

अकरा वर्षं आम्ही दरवर्षी त्या कचेरीत गेलो. पहिली दोन-तीन वर्षं सासूबाई वाटेत बोलत नसत, भीतीने. नंतर त्या ठेवणीतले कपडे काढायला लागल्या. रांग, खिडकी, शिक्का, की बाहेर येऊन म्हणायच्या, "बाकीच्यांना पाच वर्षं मिळतात." मामंजी म्हणायचे, "हो ना." मग कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही सगळे चहा प्यायचो. त्या दुकानाचा काटा मामंजींनीच दुरुस्त केलेला, म्हणून मालक साखर जास्त घालायचा. पुढं नियम बदलला आणि आम्हालाही पाच वर्षांचं कार्ड मिळालं. त्या वर्षी परत येताना सासूबाई चहाचा कप हातात धरून मला म्हणाल्या, "आता पाच वर्षांनी ग यायचं इकडं?"